मनुमावशीला लंडनला नेताना

२२ ऑगस्ट १९९४, सोमवार

विमानाने जायचंय. मी! लंडनला. आणि बिझनेस क्लासने! लिहिलं तरी खरं वाटत नाही. आंबिवलीची मालन, कल्याणच्या वीस खाटांच्या नर्सिंग होममधली सिस्टर – लंडन, बिझनेस क्लास.

ड्यूटी संपताना डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, कुणीतरी तक्रार केली असणार. तर म्हणाले, "सिस्टर, तुमचा पासपोर्ट आहे ना? मस्कतसाठी काढलेला?" आहे. मस्कतची नोकरी हुकली, पासपोर्ट ट्रंकेत पडून आहे.

पेशंट मनुबाई. ठाण्याजवळच्या बाळकुमची कोळीण, सदुसष्ट वर्षांची. दोनदा आमच्याकडे दाखल होती, मीच बघितलंय तिला. मी मावशी म्हणते. हृदयाचा एक व्हॉल्व आकसलाय, फुफ्फुसात पाणी भरतं, आडवं झोपताच येत नाही – दोन वर्षं उशांना टेकून, बसून झोपते. मुलगा चंदू लंडनला. अकरा वर्षांत एकदाही आला नाही. म्हणून आता हीच निघालीय.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करा म्हणून वर्षभर मागे लागलोय. ऐकत नाही. आधी चंदूला बघीन, मग काय कापायचं ते कापा, म्हणते. विमान कंपनीने अटी घातल्यात – नर्स सोबत हवी, ऑक्सिजन हवा, आणि पाठ मागे कलेल, पाय वर घेता येतील अशीच सीट हवी. म्हणजे बिझनेस क्लास. तिच्या बाजूची सीट तुमची."

"सर, पोचेल ती?"

चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "माहीत नाही."

मी हो म्हणून आले. का, ते मलाही माहीत नाही.

२३ ऑगस्ट

आईला सांगितलं. मला वाटलं रडेल. रखमाबाई कसली रडतेय! तिने विचारलं, "वर हवेत पोट बिघडलं तर माणसं काय करतात गं?" सगळ्या आंबिवलीला हाच एक प्रश्न पडलाय बहुतेक. दुपारपासून चौथ्यांदा ऐकला.

२८ ऑगस्ट, रविवार

बाळकुमला जाऊन आले, मावशीला तपासायला. घर खाडीच्या बाजूला, पण खाडी आता दिसत नाही. पुढे सिमेंटचे खांब उभे राहिलेत, सात-आठ मजली इमारत होणार म्हणे. मावशी ओट्यावर खुर्चीत. पाय सुजून चकचकीत झालेले. बोट दाबलं की खड्डा पडतो, भरायला वेळ लागतो.

तिचा पुतण्या पंढरी भेटला. छाती फुगवून सांगत होता, "चंदूदादानं तिकीट धाडलंय. भारीतलं! तिकडं त्याचं हॉटेल हाय मोठं." आजूबाजूच्या बायका माना डोलवत होत्या. मावशी समोरच्या खांबांकडे बघत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "शिस्टर, तुना भ्या वाटतंय?"

म्हटलं, वाटतंय.

"मना नाय," म्हणाली आणि धाप लागल्यामुळे पुढचं वाक्य राहूनच गेलं.

९ सप्टेंबर

आज गणपती, आणि पासपोर्ट व्हिसा लागून हातात. सगळं होतंय! म्हणजे आता खरंच जावं लागणार.

२४ सप्टेंबर, शनिवार

सुरतेत प्लेग! पेपरात तेच, रेडिओवर तेच. सुरतेहून माणसं पळत सुटलीत, आपल्याकडेही यायला लागलीत. कल्याणच्या औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिनची एक गोळी शिल्लक नाही. बायका रुमालात कापूर बांधून हुंगताहेत. आमच्या ओपीडीत साधी सर्दी झालेलाही विचारतो, "सिस्टर, तेच नाही ना?"

आणि माझी पेशंट? दिवसभर खोकते.

२८ सप्टेंबर

काही कंपन्यांनी भारतातली विमानं बंद केली. आमची चालू आहे, पण ऑफिसातून फोन – प्रवाशाला ताप नाही असं सर्टिफिकेट निघायच्या आदल्या दिवशीचं हवं. लंडनला उतरल्यावरही तपासणी होणार. डॉक्टर म्हणाले, "पुढे ढकलायचं का?" मी बाळकुमला फोन लावला, शेजारच्यांकडे. मावशीला फोनपर्यंत यायला दहा मिनिटं लागली. एवढंच म्हणाली, "डागदरला सांग, पुढच्या म्हैन्यात मी नसले तर?"

नाही ढकललं.

३० सप्टेंबर, शुक्रवार

आज मुक्काम बाळकुमलाच. उद्या सकाळी साडेदहाचं विमान.

निरोप द्यायला सगळा कोळीवाडा लोटला होता. एकेक बाई येऊन गळ्यात पडून रडत होती. उघडच होतं – सगळ्यांच्या लेखी ही जाणार ती परत न येण्यासाठी. आईला शेवटचं लेकाजवळ नेतायत. मावशीने आपल्या म्हावऱ्याच्या पाट्या, कोयता, पाट सगळं वाटून टाकलं. ती मात्र रडली नाही. एका म्हातारीला तर ओरडलीच – "पुरे गो! मना धाप लागते तुमच्या रडण्यान!"

ताप नाही. नाडी ९६. श्वास २६. सर्टिफिकेट, इंजेक्शनं, सुया, स्टेथोस्कोप, बेडपॅन – सगळं माझ्या हातातल्या पिशवीत. सामानात एक गोळीही टाकलेली नाही. हजार वेळा बघितलं.

मलाही तेच वाटतंय जे सगळ्यांना वाटतंय. फक्त विमानात नको. माझ्या हातात नको.

१ ऑक्टोबर, विमानात

थोडं थोडं लिहिते, हात थांबला की.

बसलो! व्हीलचेअर थेट दारापर्यंत. आत डावीकडे वळलो – बाकी सगळे उजवीकडे. खुर्च्या म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या घरच्या कोचापेक्षा मोठ्या. बटण दाबलं की पाठ मागे जाते, खालून पायांसाठी पाट वर येतो. मावशीला नीट कलतं बसवलं. उशा तीन. आमच्या नर्सिंग होममधल्या एकाही खाटेला हे जमत नाही!

चिमट्याने गरम गरम ओले रुमाल दिले. मावशीने तोंड, मान, काखा – सगळं पुसलं. मीही पुसलं. कोण बघतंय!

सुटताना मी खुर्चीचे हात घट्ट धरले. डोळे मिटून घेतले. मावशी म्हणाली, "पोरी, पोट ढिलं सोड. लाट आयली की आखडून बसाचा नाय." खरंच, होडीत बसावं तशी बसली होती. मी नर्स आणि ती मला धीर देतेय!

नंतर – एका एअर होस्टेसने पायमोज्यांची पिशवी आणली. मी मोजे घ्यायला हात पुढे केला. "नो मॅडम, प्लीज," म्हणाली आणि खाली गुडघ्यांवर बसली. मावशीच्या त्या सुजलेल्या पायांत हळू हळू मोजे चढवले. मग माझ्याही पायांपाशी आली. मी पाय आत ओढून घेतले. आमचे आजोबा गावात लोकांच्या ओट्याखाली उभे राहून बोलायचे. मला हे घेताच येईना. ती हसली आणि मोजे हातात देऊन गेली.

जेवण चिनीमातीच्या ताटलीत. मासा होता, गुलाबी. मावशीने उलटापालटा केला – "याचा काटा कुठं जेला?" तरी अर्धा खाल्ला. उरलेला माझ्या ताटलीत टाकला, आपल्याच हाताने, "खा, तू काय वाऱ्यावर जगतंस?"

नंतर – खोकला सुरू झाला.

पलीकडच्या रांगेत सुटातला एक माणूस, आपल्याच इकडचा. त्याने रुमाल नाकाला लावला. मग हिंदीत विचारलं, "सूरत से हैं क्या?" म्हटलं, ठाण्याहून. हार्ट पेशंट. त्याचं समाधान नाही. घंटी वाजवली, मोठ्याने इंग्रजीत बोलायला लागला – प्लेग, प्लेग, एवढंच मला पूर्ण कळलं. मागच्या रांगांतल्या माना वर आल्या. पुढची एक बाई उठून पडद्यामागे निघून गेली.

मुख्य स्टुअर्ड आला. गोरा, वयस्कर, केस पिकलेले. मी थर्मामीटर काढला, त्याच्यासमोर मावशीच्या तोंडात ठेवला, घड्याळात बघून तीन मिनिटं तशीच उभी राहिले. मग त्याच्या हातात दिला. "नो फीवर. हार्ट. वॉटर इन लंग. नॉट प्लेग." माझं इंग्रजी तेवढंच, पण आवाज चढला होता. त्याने वाचलं. त्या सुटातल्या माणसालाही दाखवलं. तो मागे जाऊन बसला, शेवटपर्यंत रुमाल काढला नाही.

मावशीने विचारलं, "काय बोलत व्हता तो?"

"काही नाही. खोकल्याचं औषध सांगत होता."

"खोटं बोलतंस," म्हणाली.

२ ऑक्टोबर, रविवार. लंडन

काल पुढचं लिहायला हात मोकळा नव्हता. आता लिहिते. आठवतंय तोवर.

सहा तास झाले असतील. सूर्य जागचा हलत नव्हता, आम्ही त्याच्या मागेच लागलेलो. मावशी एकदम ताठ बसली. ओठ निळे. श्वास मोजला – ४२! छातीला स्टेथोस्कोप लावला, दोन्हीकडे बुडबुडे. ऑक्सिजन लावला. दंडाला पट्टा बांधला, शीर सापडेना. विमान हलत होतं. सुई एकदा चुकली. दुसऱ्यांदा लागली – पाणी उतरवणारं इंजेक्शन, दोन ॲम्प्युल.

तो पिकल्या केसांचा स्टुअर्ड वाकून सावकाश बोलला, मला कळावं म्हणून. कॅप्टन विचारतायत – खाली एक मोठं शहर आहे, तिथे उतरवू का? लंडनला तीन तास आहेत. दहा मिनिटांत सांगा.

दहा मिनिटं! डॉक्टर नाही, फोन नाही. उतरवलं तर तिथे कोण ओळखणार आम्हाला? भारतातून आलेलं विमान, निळी पडलेली, खोकणारी म्हातारी. किती दिवस कोंडून ठेवतील? चंदू लंडनला वाट बघत राहील. आणि नाही उतरवलं, आणि ती गेली – तर मी मारली.

मावशीने माझं मनगट धरलं. बोलता येत नव्हतं. नुसती पुढे बोट दाखवत होती. पुढे. पुढे.

मी घड्याळाकडे बघत राहिले. सातव्या मिनिटाला म्हणाली, "मुताचाय."

एवढं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही! औषध लागू पडलं होतं. दोघी एअर होस्टेसनी ब्लँकेट धरून आडोसा केला, तोंडं फिरवून उभ्या राहिल्या. बेडपॅन भरला. श्वास ३६. पुन्हा भरला. श्वास ३०. ओठांचा रंग परत येताना मी डोळ्यांनी बघितला.

स्टुअर्डला म्हटलं, "गो. लंडन."

तो कॅप्टनकडे गेला आणि मी त्या मोठ्या खुर्चीच्या मागे, गालिच्यावर, मटकन खाली बसले. कोणीतरी हातात चहाचा कप दिला. कोणी, ते बघितलंही नाही.

विमान उतरल्यावर कोणालाच जागेवरून उठू दिलं नाही. मास्क लावलेला एक डॉक्टर चढला, सरळ आमच्याकडे आला. मी सर्टिफिकेट, औषधांचा कागद, तापाची नोंद पुढे केली. त्याने स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ ऐकलं. छातीवर सरकवत सरकवत एका जागी थांबला. आणि मास्क खाली ओढला. "माय डिअर," मावशीला म्हणाला, "यू हॅव अ व्हेरी बॅड व्हॉल्व."

व्हॉल्व! सगळ्या विमानासमोर म्हणाला!

तिथून ॲम्ब्युलन्सने थेट हॉस्पिटल. चंदू संध्याकाळी आला. मी मावशीच्या घरच्या फोटोतला चंदू शोधत होते – हा वेगळाच. अडतिसाव्या वर्षी केस पिकलेले, कोट दुसऱ्याच कोणाच्या मापाचा. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. जवळ येईना.

"लांबून काय बघतंस? बोट हाय काय मी?"

तो आला. तिने त्याचे हात हातात घेतले. उलटसुलट केले. बोटांना भेगा, नखं खाल्लेली, कातडी पांढरी पडलेली. हॉटेलमालकाचे हात! त्याने ओढून घेतले, खिशात घातले. मावशीने फक्त डोळे मिटले.

५ ऑक्टोबर

मला राहायला चंदूने आपली खोली दिलीय. तो कामाच्या ठिकाणी झोपतो. खोलीत एक खाट, एक खिडकी, ती भिंतीवर उघडते. हॉटेल त्याचं नाही. तो तिथे भांडी घासतो. अकरा वर्षं.

आज स्वतःच बोलला. "सिस्टर, बोटीवर खलाशी व्हतो. हितं उतरलो आनि परत चढलोच नाय. पयल्या पत्रात लिवलं हॉटेलात हाय. आयेन कुनाकडून वाचून घेतलं, तिना वाटलं हॉटेल माझंच. मग खोटं वाढतच गेलं. कुठल्या तोंडान परत जाऊ?"

मी म्हटलं, "पण एवढं तिकीट..."

"मी नाय धाडलं! तिनंच काढलं. घरापुढची जागा बिल्डरला दिली. मना तिचा फोन आला तवा कलला."

मग ते सिमेंटचे खांब –! ओट्यावर बसून ती तेच बघत होती. आणि सगळ्या वाड्याला लेकाचं तिकीट म्हणून सांगितलं.

"आयेला काय सांगू नका," म्हणाला.

दुपारी मावशीने विचारलंच. "खोली कशी हाय त्याची?"

"चांगली आहे. उबदार आहे."

"हं," म्हणाली.

८ ऑक्टोबर, शनिवार

काल तिने आपणहून डॉक्टरांना खूण केली – करा. बघून झालं होतं ना तिचं. मांडीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली, टोकाला फुगा, तो फुगवून व्हॉल्व मोकळा केला. छाती कापली नाही! मी दाराबाहेर दीड तास उभी. चंदू माझ्या बाजूला.

आज सकाळी गेले तर – आडवी! एका उशीवर, कुशीवर वळून, तोंड उघडं टाकून घोरत होती. दोन वर्षांनी. मी तिथल्या सिस्टरला मिठीच मारली. ती बिचारी गोंधळली.

श्वास १८. अठरा! कितीदा मोजला.

१० ऑक्टोबर

उद्या निघायचं. मावशी आता लेकाजवळच राहणार, हे धरूनच सगळे बोलतायत. मीही. तिच्या पायांची सूज उतरलीय, पाय ओळखू येत नाहीत. पाया पडले. म्हणाली, "पोरी, तू खोटं बोलतंस ते तोंडावर दिसतं. नर्सला बरं नाय." आणि पाठीवरून हात फिरवला. मी बाहेर येईपर्यंत रडले नाही. लिफ्टमध्ये रडले.

११ ऑक्टोबर, विमानात

माझं परतीचं तिकीटही बिझनेस क्लासचंच. आत आले – कोणी नाही! प्लेगच्या भीतीने भारतात यायला कोणी तयार नाही. अख्ख्या पुढच्या भागात मी एकटी. आंबिवलीची मालन, आणि माझ्या दिमतीला तिघेजण!

जाताना नऊ तासांत मी त्या खुर्चीत नऊ मिनिटंही टेकले नव्हते. आता करायला काहीच नाही. नाडी नाही, श्वास नाही, ऑक्सिजन नाही. हात मांडीवर ठेवून बसले तर ते हात कुणाचे तरी दुसऱ्याचेच वाटायला लागले. मोजे आणले. या वेळी पाय मागे घेतले नाहीत.

जेवले. सगळं. मग बटण दाबून मागे कलले, जरा डोळे मिटावे म्हणून. अठरा वर्षं नर्सिंग केलं. किती जणांच्या अंगावर पांघरूण घातलं असेल! झोपेत एवढंच कळलं की कोणीतरी माझ्या अंगावर ब्लँकेट ओढलं. खांद्यापर्यंत. कडा नीट खोचल्या, आवाज न करता, जाग येऊ नये म्हणून. मी करते तशाच.

डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर रडू आलं असतं.

जागी झाले तेव्हा खाली मुंबई.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी आईबरोबर विहारात. सगळीकडे जयभीम, जयभीम, आणि मध्येच "काय मालन, पोट बिघडलं का वर?" दुपारी ड्यूटीवर. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते पुन्हा चष्मा पुसत बसले. पण या वेळी हसत होते.

२० नोव्हेंबर

पंढरीच्या नावाने लंडनहून काही आलंय का, म्हणून बाळकुमला विचारलं. काही नाही. वाड्यातल्या बायका तिच्याबद्दल 'होती' असंच बोलतात आता. मीही परवा एका पेशंटला सांगताना 'होती' म्हणून गेले. जीभ चावली.

१५ जानेवारी १९९५, रविवार

मावशी! आमच्या नर्सिंग होमच्या जिन्यात! चालत चढली, तिसऱ्या पायरीवरसुद्धा थांबली नाही. मागे चंदू, दोन्ही हातांत बोचकी. काल पोचले. आता बाळकुमलाच राहणार, दोघंही.

मी म्हटलं, "मावशी, अहो आम्हाला सगळ्यांना वाटलं, तुम्ही तिकडे..."

"मराला जेले?" खो खो हसली. "अगो, मी त्याला आनाला जेल्ती."